उन्हाळ्यात दक्षिणेला

कोल्हापूर, ज्येष्ठ शुद्ध ५, शके १८३९

चि. महंमद यास व्यंकटेशशास्त्री टोपकराचे आशीर्वाद. आम्ही येथे गुडघे सोडून खुशाल आहोत. अक्षर ओळखून पत्र फाडणार असशील, तर निदान दुसरे पान वाचून फाड. पहिल्यात विशेष काही नाही.

बातमी अशी. मुलांना सृष्टिज्ञान पाठ येते, पण कळते का, याचा तपास करून टिपण द्यावे, असे विद्याखात्याने मला सांगितले. बावीस वर्षे मीच ते घोकून घेतले, म्हणून बहुधा. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

पाच शाळा हिंडलो. सगळीकडे एकच प्रश्न: भर दुपारी सावली कोणीकडे पडते? "उत्तरेला," अख्खा वर्ग एका सुरात. पुस्तकात तसेच आहे. मग विचारले, पाहिली कोणी? मुले पुस्तक उघडू लागली. उन्हाळ्यात शाळा सकाळची, आषाढात ढग, पाहणार कधी? शेवटी बायडा नावाची एक पोर उठली. "न्हाय बघितली. तुमी बघितलीया, गुरुजी?"

मास्तर तिच्यावर धावले. मी त्यांना आवरले, कारण प्रश्न बरोबर होता. शंकूच्या छायेवरचे श्लोक मी मुंजीपासून म्हणतो. पण शंकू म्हणून बारा अंगुळांची काठी उन्हात रोवून शेजारी बसावे, हे कधी मनात आले नाही. श्लोक सावलीत बसूनही म्हणता येतात.

घरी येऊन अंगणात काठी रोवली. आमच्या कुटुंबाला वाटले, गाय घेतो आहे. दुपारी सावली आखडत आखडत अंगुळभर उरली, आणि तीही दक्षिणेला. ओळंबा लावून काठी सरळ केली, दिशा पुन्हा तपासल्या. दुसऱ्या दिवशीही दक्षिणेलाच. या दिवसांत सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो, हे गणित मला येते. नेहमीच येत होते. पुस्तक लिहिणारा काशीकडचा असावा, तिकडे सावली बारमाही उत्तरेलाच. वाचणारा मात्र कोल्हापूरचाच होता.

आता दुसरे पान.

चौदा वर्षांमागे तू कबनूरहून माझ्याकडे परीक्षेला आलास, तेव्हा हाच प्रश्न होता. तू पाटीवर लिहिलेस, "उन्हाळ्यात दक्षिणेला." कशावरून, असे मी विचारले. तू म्हणालास, अब्बा मशिदीत बांग देतात, दुपारच्या नमाजाची वेळ अंगणातल्या खुंटीच्या सावलीवरून ठरवतात, आणि ती सावली रोज तू मोजतोस.

"म्हणजे ज्योतिष आता खुंटीकडून शिकायचे," असे मी म्हणालो. सगळे हसले. विनोदी म्हणून मी तेव्हाही प्रसिद्ध होतो. मग तुझी पाटी मी माझ्या हाताने पुसली.

त्यानंतर तू शाळेत गेला नाहीस. हे मला आजच कळले, असे आधी लिहिले होते. खोडले. त्याच वर्षी कळले होते.

तुमच्या गावचे पिराजी मास्तर काल भेटले. तुझी मुलगी जरीना सहा वर्षांची झाली म्हणे. तिच्या शाळेचे काढले, तर तू त्यांना म्हणालास, "खुंटी बघाय मी शिकिवतो की. पाटी पुसून घ्यायला तिकडं कशाला धाडू?" टिपणात ते वाक्य जसेच्या तसे घातले आहे. मुलांना शास्त्र का कळत नाही, या सदराखाली.

तरी विनंती करतो, तिला धाड. आणि सोमवारी दुपारी मी खुंटी पाहायला येतो आहे. तू बोलला नाहीस तरी चालेल, खुंटी अंगणातच आहे. सावली कोणीकडे, ते या खेपेस जरीनाने मला विचारावे.

पिराजी मास्तरांबरोबर एक पाटी पाठवली आहे. तिच्या एका बाजूस तुझे उत्तर आहे, खिळ्याने कोरलेले, म्हणजे कोणाच्या हाताने पुसले जाऊ नये. दुसरी बाजू कोरी आहे, ती जरीनाची. उत्तराखाली शेरा लिहायला पाटीवर जागा उरली नाही, म्हणून येथे लिहितो.

तपासले. बरोबर.
विलंबाचा दोष परीक्षकाचा.

व्यंकटेशशास्त्री टोपकर