साडेतीनशे किलोमीटर, एका चार्जमध्ये

२४ मार्च, रविवार
इंगुन माहेरी जाऊन बसलीय, डोंगरापलीकडे. का, तर मी गॅरेजचं दार कुऱ्हाडीने फोडलं. उघडत नव्हतं, मग काय आरती ओवाळू? फोनवर म्हणाली, ईस्टरच्या शनिवारी जेवायला ये. वाटेत कुणावर हात न उगारता आलास तर तुझ्याबरोबर घरी येते, नाहीतर संपलं आपलं. सोपं आहे. मी मुळात शांत माणूस.

२६ मार्च
जायचंय साडेतीनशे किलोमीटर. गाडीचा स्क्रीन म्हणतो, तीनशे दहा जाईल. भित्रा! मी स्वतः हिशोब केला. हीटर बंद, वेग कमी, उतारावर बॅटरी थोडी भरते. तीनशे नव्वद! वाटेत चार्जिंगची भानगडच नको.
शेजारचा हालवोर म्हणाला, वादळात घाटाचं फाटक बंद करतात, तिथे ताटकळावं लागतं, ते धरलंस का? ह्याला विचारलं कुणी? त्याची टपालपेटी लाथेने आडवी केली. वाटेत नव्हे, घरीच. म्हणजे धरायची नाही.

३० मार्च, शनिवार, दुपार
वादळ. फाटक बंद. बर्फ काढणारी गाडी आली की तिच्यामागे सगळ्यांनी रांगेने जायचं, मध्ये थांबायचं नाही. काच गोठली, हीटर लावला. थोडाच. स्क्रीन म्हणाला, चौदा टक्के. ठोसा मारून फोडला. आता शांत वाटतंय.

रात्री
रांगेच्या मधोमध गाडी मेली. मागचा गाडीवाला काच बडवत ओरडला, "अरे शहाण्या, चार्ज न करता घाटात कोण शिरतं? माझी पोरं गारठलीत!" त्याच्या नाकावर एक ठेवून दिली. त्याने मला बोनेटवर आपटलं. माझा दात गेला. मी त्याचा कान चावला. बर्फभर रक्त.
बर्फाच्या गाडीने माझी गाडी ओढत पलीकडच्या फाटकाशी आणली. मला उशीर झाला म्हणून इंगुन थर्मास घेऊन तिथे येऊन उभी होती. म्हटलं, घसरून पडलो. तेवढ्यात तो कानवाला आला आणि सगळं ओकला. तिने त्याच्या कानाला रुमाल लावला. माझ्या दाताची कुणाला पडलीय!

३१ मार्च
इंगुनने स्वतःच्या गाडीतून मला घरी आणलं. वाटेत चकार शब्द नाही. राग निवळतोय, ओळखतो मी तिला. आत गेली, स्की उचलले, घराची किल्ली टेबलावर ठेवून निघाली. ती निघण्याआधी तिच्या गाडीत डोकावलो होतो. चाळीसच टक्के! हिशोब केला. एवढ्या चार्जवर डोंगर ओलांडणं अशक्य. रात्री परत येणार. मटण गरम ठेवलंय.

१ एप्रिल
फोन केला. वाटेत थांबली, गाडी चार्ज केली, कॉफी प्यायली आणि पोचली म्हणे. पुन्हा फोन करू नकोस म्हणाली.
ती थांबून चार्ज करेल, हे मी धरलंच नव्हतं.