गोष्टीतला वाघ आणि तेलाचा डबा

मळ्यातली वस्ती, ओझर
५ ऑगस्ट २००१

ती. संपतदादास,
आरतीचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझं भजनी मंडळ काय म्हणतं? वहिनीचा खोकला गेला का?

माझ्या बालवाडीचं मात्र काही खरं नाही. बिबट्यानं वस्तीवरच्या सावळेरामअण्णांचं कुत्रं उचललं, तेव्हापासून आया पोरांना घराबाहेर सोडत नाहीत. अण्णांच्याच पडवीत बालवाडी भरते, पण त्यांची चार वर्षांची नात आरोही उंबरासुद्धा ओलांडत नाही. पोरं अशीच येईनाशी झाली, तर दिवाळीपर्यंत बालवाडी बंद. मग मी आहे आणि सासूबाई आहेत, दिवसभर!

आता वाद्यांची पेटी आलीय. झांजा, खंजिरी, घुंगरं, खुळखुळे. मी गोष्ट सांगते, पोरं वाजवतात. ससा आला की घुंगरं, पाऊस आला की खुळखुळे. आवाज ऐकून चार पोरं वाढली. आरोहीही काल दारातून डोकावली. पण वाघ कशावर वाजवू? तू ढोलकीवाला, तूच सांग.

लोभ आहेच. थट्टा जरा आवर.
तुझी आरती

लोणी
११ ऑगस्ट

चि. आरतीस, अनेक आशीर्वाद.

बाई, खंजिरीवर वाघ आणलास तर तो नाचतच येईल. पोरं काय भ्यायची! गोडेतेलाचा रिकामा डबा घे आणि लाटणं. आधी हळू, मग धडाधड. पोरांनाबी ‘आला आला’ वरडू दे. हितं मी करून बघितलं, तुझ्या वहिनीच्या हातून दुधाचं पातेलं पडलं. खोकला गेला, आता माझ्याशी बोलतच न्हाई.

पावण्यांना रामराम. आमच्यावरची माया पातळ करू नको.
तुझा दादा

ओझर
२० ऑगस्ट

ती. दादास, सा. न. वि. वि.

आग लागो तुझ्या डब्याला!

अरे, लोणीला ऊस नाही म्हणून तुला सुचलं. इथं उसात बिबट्या दिसला की लोक डबेच बडवतात! आणि मी एवढी या घरची सून, माझ्याही टकुऱ्यात आलं नाही. गोष्टीच्या नादात होते ना!

डबा वाजला, पोरं ‘आला आला’ ओरडली, आणि अख्खी वस्ती धावून आली. काठ्या, कोयते, शेजारच्या गोजरबाई तर भर दुपारी टेंभा पेटवून. मी पडवीत चार पायांवर, पदर मागं खोचून शेपूट केलेलं. अण्णांनी दारातूनच ओरडून विचारलं, वाघ कुठंय म्हणून. आणि दादा, मी मूर्खासारखा हात वर केला.

आरोही त्या दिवशी पहिल्यांदा पडवीत येऊन बसली होती. खदाखदा हसत होती रे. अण्णांनी उचललं तशी रडायला लागली, तरी तिला घरात नेलं आणि पडवीला कुलूप घातलं. माझी बालवाडी गेली. मला फार वाईट वाटतंय.

राग शांत झाला की लोभ करीन.
आरती

ओझर
४ सप्टेंबर

रा. रा. संपतराव पावणं,
सावळेरामाचा रामराम.

आपली वळख न्हाई, पण आपला डबा आमच्या कानात बसलाय. कुलूप घातलं खरं, पण नात घरातच ताट बडवून गोष्ट सांगायला लागली. तिचं ऐकून शेजारची पोरं. रोज सांजच्याला कुठल्या ना कुठल्या घरात वाघ येतोय आणि आमी काठ्या घेऊन पळतोय! गोजरबाईचं घासलेट संपलं. शेवटी मीच आरतीबाईंच्या दारात जाऊन म्हणालो, बाई, पडवी उघडतो, पण ह्यो वाघ एका जागी ठेवा. आता गोष्ट चालू असली की पडवीवर माझा फेटा बांधतो. फेटा दिसला की वस्तीनं पळायचं न्हाई, असं ठरलंय.

पर नातीनं अट घातली, वाघ आजाच पायजे. ती डबा वाजवती, मी पळतो. गुडघं लई दुखत्यात. आपण डबा सुचवलात, तवा आपणच आठ दिस वाघ व्हायला या.

काल मला पळवत पळवत ती पार उसाच्या बांधापर्यंत आली. एकटी. मी शेपूट धरून हुबा, आणि ती वाघाला म्हणाली का, आता हिकडं परत यायचं न्हाई. मग वळली आणि गोष्ट ऱ्हायली म्हणून एकटीच पडवीत गेली. पावणं, मी बांधावर बसून रडलो.

माया ठिवा, आणि येताना दुसरा डबा आणा. ह्यो पार चेपलाय.
आपला,
सावळेराम