त्याच वाटेनं औषध

नांदेड, ७ ऑगस्ट २०२४

श्री. भिवाजीराव यांस,
हिम्मतरावचा सप्रेम जय भीम, वि. वि.

आधी आमच्या मंडळींची, म्हणजे त्रिवेणीची, चौकशी लिहितो, नाहीतर ती मला पत्र टाकू देणार नाही. विमलाबाई गेल्यापासून तुम्ही वेळेवर जेवता का? डब्यातलं गार खाऊ नका, असं तिचं सांगणं आहे.

आता मुख्य. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. आमच्याकडे फोन स्पीकरवर लावायची खोड आहे आणि ओसरीवर कायम चार माणसं असतात. निशिगंधाला बाळंतपणाला इकडे आणलं, सरकारी दवाखान्यात नाव घातलं, तिथे सगळं रक्त तपासलं. त्यात सिफिलीस निघाला. जुनी माणसं ज्याला गरमी म्हणत, तो. पुन्हा तपासलं तरी तेच. उपचार झाला नाही तर बाळ पोटातच जाऊ शकतं किंवा आजार घेऊन जन्मू शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी त्रिवेणीला सांगितलं. दर सोमवारी एक, अशी पेनिसिलीनची तीन इंजेक्शनं आहेत. पहिलं दिलं. पोरीला आम्ही ताकदीचं इंजेक्शन म्हणून सांगितलं आहे.

जावयांनीही तपासून उपचार घ्यावा असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आमची पोर कशी वाढली हे तुम्हाला ठाऊक आहे. जास्त लिहीत नाही.

आपला,
हिम्मतराव


तारनाका, हैदराबाद, १२ ऑगस्ट

श्री. हिम्मतराव यांस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

पत्र वाचलं आणि विमलला हाक मारायला उठलो. घरात अशा गोष्टी तीच बोलायची.

निशिगंधाची तपासणी इथेच व्हायला हवी होती. विमल दवाखान्यात असताना सूनबाई रोज सिकंदराबादला डबा घेऊन जायची. पोटात बाळ आणि हातात डबा. स्वतःचं तिने काही सांगितलं नाही आणि आम्हाला सुचलं नाही.

आमच्या प्रज्ञेशला विचारलं. तो म्हणाला की मला काहीच त्रास नाही, मी कशाला तपासू. नंतर म्हणाला की मित्राने सांगितलेल्या गोळ्या मेडिकलमधून आणून खाल्ल्या, विषय संपला. माझं समाधान झालं नाही. नामपल्लीकडे एका दवाखान्यात गुप्तरोगाचे डॉक्टर बसतात, त्यांना एकटाच विचारून आलो.

ते म्हणाले की अशा अंदाजाच्या गोळ्यांवर भरवसा ठेवू नका. हा रोग शरीरसंबंधातून लागतो, ताट, टॉवेल, संडास यांतून नाही. सुरुवातीला एखादी जखम होते, ती दुखत नाही आणि आपोआप भरते. माणूस समजतो, बरं झालं. रोग मात्र आत गेलेला असतो आणि वर्षानुवर्षं गप्प राहतो. माणूस हिंडतो फिरतो, लग्न करतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. कोणी कोणाला दिला, हे रक्त सांगत नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते अजून डोक्यातून जात नाही. जंतू आईच्या रक्तातून नाळेवाटे बाळाकडे जातो. आईला टोचलेलं पेनिसिलीनही त्याच वाटेनं जातं. सुई आईला, आणि आत न दिसणारं लेकरू बरं होतं. शिवाय इतर किती जंतू औषधांना दाद देईनासे झाले, पण हा जंतू पेनिसिलीनपुढे अजून टिकायला शिकलेला नाही. माझ्या आजोबांच्या काळातलं औषध आहे हे. मी जन्मभर रेल्वेत वॅगनींचा हिशेब ठेवला. जगात एवढं मोठं काम एवढ्या गुपचूप चालतं, याची कल्पना नव्हती. बाहेर येऊन नुमाईश मैदानाच्या भिंतीपाशी बराच वेळ उभा राहिलो. एक चहावाला विचारून गेला की चच्चा, रास्ता भूले क्या.

इंजेक्शन चुकू देऊ नका. मध्ये खंड पडला तर पहिल्यापासून सुरू करावं लागतं म्हणे.

आपला,
भिवाजी


नांदेड, १७ ऑगस्ट

श्री. भिवाजीराव यांस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

दुसरं इंजेक्शन झालं. पहिल्या वेळी रात्री ताप भरला होता, यावेळी काही नाही. बाळ हलतं आहे.

तुम्ही जंतूंचं फार छान लिहिलं, पण त्रिवेणी विचारते की जावयाचं काय. तो उपचार घेत नाही तोवर त्याने आमचा उंबरा चढू नये आणि पोरही तारनाक्याला येणार नाही, असा तिचा शब्द आहे. तिच्यापुढे माझं चालत नाही हे तुम्ही लग्नाच्या बैठकीत पाहिलंच आहे. खरं सांगायचं तर यावेळी चालवायची इच्छाही नाही. आज ती बरी होईल आणि तिकडे येऊन पुन्हा तेच घेईल, तर उपयोग काय?

आपला,
हिम्मतराव


तारनाका, २४ ऑगस्ट

श्री. हिम्मतराव यांस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

वहिनींचं बरोबर आहे, हे त्यांना माझ्या नावाने सांगा.

प्रज्ञेश दवाखान्याच्या दारापर्यंत आला आणि अडला. कोणी ओळखीचं भेटेल म्हणाला. मग मीच आत गेलो आणि म्हटलं, आधी माझं रक्त घ्या. तिथली समुपदेशक मुलगी चारमिनारकडची असावी. तिने मान वर न करता विचारलं की अंकल, तकलीफ कब से है. मी सांगितलं की तकलीफ दाराबाहेर उभी आहे. ती हसली नाही. उठून बाहेर गेली आणि त्याला म्हणाली की भय्या, तुम्हारे अब्बा इस उमर में सुई ले रे, तुम शरमा रे? आओ, कुच नै होता. तो आला.

माझ्या रक्तात काही नाही. त्याच्यात निघाला. एचआयव्हीही तपासला, तो नाही. त्याचीही तीन इंजेक्शनं ठरली, पहिलं झालं. दोघांचे उपचार पूर्ण होऊन डॉक्टर सांगेपर्यंत संबंध टाळायचा, पुढेही निरोध वापरायचा आणि ठराविक महिन्यांनी रक्त पाहायचं, असं सांगितलं आहे.

बाकावर आमच्यासारखे पुष्कळ होते. एक नवरा-बायको एकाच डब्यातून उपमा खात होते. मला वाटलं होतं, तिथे सगळे खाली मान घालून बसलेले असतील. परतताना बसमध्ये प्रज्ञेश खिडकीकडे तोंड करून रडला. आई गेली तेव्हा तो माझ्यासमोर रडला नव्हता.

आपला,
भिवाजी


नांदेड, ३० ऑगस्ट

ती. मामांना,
निशिगंधाचा सा. जय भीम.

बाबांच्या कपाटात तुमची पत्रं सापडली, ती मी वाचली. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, सांभाळून घ्या.

ते ताकदीचं इंजेक्शन नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. डॉक्टर मॅडमनी आधी मलाच सांगितलं, मग मला विचारून आईला. आई-बाबांना वाटलं मी कोसळेन, म्हणून मी त्यांना तसं वाटू दिलं. तिसरंही झालं. तुम्ही तिघांनी मिळून माझ्या रक्ताबद्दल सगळं ठरवलं, कोण येणार, कोण नाही, मी कुठे राहणार. मला कोणीच विचारलं नाही. रागावू नका, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

तुम्ही रक्त द्यायला आधी बसलात, ते वाचून मला आईंची खूप आठवण आली. त्या असत्या तर त्यांनी तुम्हाला आठवडाभर चिडवलं असतं.

रक्त सांगत नाही, असं तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं. पण माणसाला तोंड आहे. प्रज्ञेशना सांगा, फोन नको, मेसेज नको. शेवटचं इंजेक्शन झालं की इथे येऊन समोर बसून सांगायचं. आईला मी समजावते. ऐकून मी काय करीन ते मला माहीत नाही. तुम्ही मला काहीही समजावू नका, एवढी माया ठेवा.

तुमची,
निशिगंधा


तारनाका, २८ ऑक्टोबर

चि. निशिगंधा हिस,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

तुझ्या बाबांचा फोन आला. बाळाचं रक्त ठीक आहे, अंगावर काही खूण नाही आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. स्पीकरवरून मी तिचं रडणं ऐकलं. ओसरीवरचे चौघेही ऐकत असणार. मुलगी एवढ्या जोरात रडते म्हणजे छाती चांगली आहे, असं तिथलं कोणीतरी म्हणालं. मी लगेच फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसलो. त्याचा राग नसावा.

पोटातल्या अंधारात ती कशातून वाचली, हे तिला कधी कळणार नाही. मी मात्र कॅलेंडरवरच्या त्या तीन सोमवारांवर खूण करून ठेवली आहे.

प्रज्ञेश सप्टेंबरात तुझ्यासमोर काय बोलला ते त्याने मला सांगितलं. लग्नाआधीचं होतं, जखम भरली तेव्हा तो विसरला. तू उत्तर दिलं नाहीस, हेही सांगितलं. तो रोज दाराकडे बघतो. ते त्याचं आहे, त्याचा भार तू घेऊ नकोस.

मी पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळच्या गाडीने नातीला पाहायला निघावं म्हणतो. त्याला सोबत आणू की एकटाच येऊ, ते तू कळव. तुझं उत्तर येईपर्यंत तिकीट काढत नाही.

तुझा,
मामा