दोघी विहिणींचा आठवडा

कळमेश्वरच्या पुढे, तलावाकाठचं आरोग्यधाम
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय श्वेता बेटा,

खूप खूप आशीर्वाद. मी खुशाल, तुझी आई खुशाल, आणि आठवडाभर एका खोलीत राहूनही आम्ही दोघी विहिणी एकमेकींशी बोलतो आहोत, ही सगळ्यात मोठी खुशाली.

हातानं लिहायला बसले, कारण इथे आल्याबरोबर मोबाइल काउंटरवर जमा करून घेतात. आणि खरं सांगू का, फोनवर तू ‘हो आई, बरं आई’ म्हणतेस आणि तेवढ्यात आपलं बोलणं आटोपतं. हे पत्र जिजाबाईंच्या हाती पाठवते आहे. तुझ्या आईच्या हातून आलेलं पत्र तू न वाचता ठेवणार नाहीस.

आधी इथलं ऐक. तू आणि प्रज्वलनं जागा मात्र झकास शोधली. सकाळी कोमट पाणी, मग आसनं, मग पोटावर मातीचा लेप, मग मालिश. मालिश करणाऱ्या बाईनं माझा उजवा खांदा दाबून पाहिला आणि विचारलं, काय काम करता? म्हटलं, आधी सासऱ्यांचा हातमाग, आता फॉल-पिकोची मशीन. ती म्हणाली, मग इथे तेल जास्त लागेल. चांगली अर्धी वाटी जिरवली.

सगळ्यांना एकसारखा पांढरा सदरा-पायजमा देतात. सहा वर्षांत तुझ्या आईला मी डोक्यावरच्या पदराशिवाय पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्या पायजमा घालून बाहेर आल्या आणि दारातच अडल्या. “हसू नका बरं बाई, तुम्हीबी तशाच दिसून राहिल्या,” म्हणाल्या. मग काय, दोघी तिथेच भिंतीला टेकून हसलो.

खाण्याचं विचारू नको. दुधीचा रस, उकडलेल्या भाज्या, मीठ नावाला. कोष्ट्याच्या घरातली माझी सावजी जीभ, तिला ही शिक्षाच. पण जिजाबाई शेतकऱ्याची बाई, तयारीनं आल्या होत्या. साडीच्या घडीत मिरचीच्या ठेच्याचा डबा! उकडलेल्या गाजराला ठेचा लावून आम्ही खोलीत बसून खाल्ला. नाकाडोळ्यांतून पाणी, पण जीव थंड झाला.

डॉक्टरबाईंनी तपासलं. बीपी चांगलं आहे, शुगर नाही, गुडघे थोडे कुरकुरतात, रोज चाला म्हणाल्या.

घरच्या कुंड्यांचं, नळाचं, दुधवाल्याचं विचारणार होते. विचारत नाही. तू तिथे नाहीस, हे मला कळलं आहे.

बुधवारी कळलं. इथे वाफ घ्यायच्या पेट्या असतात. आत बसायचं, दार बाहेरून लावतात, फक्त मुंडकं वर. आमच्या पेट्या शेजारी-शेजारी होत्या. मी सहज म्हटलं, “जिजाबाई, रविवारी घरी गेलो की श्वेताच्या हातचा चहा घेऊ. पोरगी आलं मस्त टाकते.”

पाहते तर त्यांचं तोंड लाल आणि डोळ्यांतून धारा. मला वाटलं, वाफ सोसली नाही. मी पेट्यांवरच्या बाईला हाक मारणार, तर म्हणाल्या, “नोका बलावू. मले आता खोटं नाही बोलवत. श्वेता घरी नाही हाये, बाई. पुन्याले गेली.”

“कंपनीच्या कामाले?”

“बदली घेतली तिनं. आपन इथं आलो अन् तिकडं तिनं सामान बांधलं. मले म्हने, आई, तू त्याईले आठ दिवस गुतवून ठेव. त्याईच्या डोळ्यासमोरून मले निघनं होनार नाही.”

मी रागानं उठायला गेले, पण उठू कशी? हात आत, दार बंद. डोळे पुसायचीही सोय नव्हती. दोन मुंडकी शेजारी-शेजारी रडत होती.

“काहून पण?” मी विचारलं. “प्रज्वलनं हात उचलला का?”

“नाही वं माय, तसा नाही तो. पन तिले पयल्यांदा पुन्याच्या हापिसात मोठी जागा भेटली तवा त्यानं म्हनलं, आईचे गुडघे गेले, आईले बीपी हाये, आईले एकटीले कोन पाहीन? पोरगी गप बसली. मागच्या साली पुन्हा तेच. यंदा तिनं कोनालेच नाही इचारलं.”

त्या वाफेत मी गार पडले. माझे गुडघे गेले, ही बातमी मला माझ्या विहिणीकडून कळली!

गुरुवारी मी जिजाबाईंशी एक शब्द बोलले नाही. मला हवापालट म्हणून नाही, अडगळीसारखं बाजूला ठेवायला इथे आणलं, असं वाटत राहिलं. तलावाकाठी एकटीच फिरले. पहिला राग तुझाच आला. एका घरात सहा वर्षं राहून हिला माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही? चालता चालता ध्यानात आलं की तू का विचारशील? तुला वाटलं असणार की प्रज्वलच्या तोंडून मीच बोलते आहे. मग राग कोणाचा करायचा ते कळलं. परत येऊन जिजाबाईंना म्हटलं, “चला, ठेचा काढा.” त्या पुन्हा रडल्या.

शुक्रवारी काउंटरवरून प्रज्वलला फोन केला. उद्या ये, एवढंच सांगितलं. काल आला, हातात सफरचंदं घेऊन. जिजाबाई उठून जायला लागल्या, मी त्यांना धरून बसवलं.

“तब्येत कशी आहे, आई?”

“तूच सांग गा. माझ्या तब्येतीचं तुले जास्त माहीत दिसते.”

तो जिजाबाईंकडे पाहायला लागला.

“त्यांच्याकडे नको पाहू. मी कधी म्हटलं तुले, की मले एकटीले होत नाही, श्वेताले जाऊ देऊ नको?”

“नाही.”

“मग माझं नाव काहून घेतलं?”

बराच वेळ तो सफरचंदाच्या पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिला. मग म्हणाला, “आई, ती पुढं जाऊन राहिली होती अन् मी आहे तिथंच. एकदा गेली तं माझ्यासाठी परत काहून येईन, असं वाटलं.”

“हे सांगितलं तिले?”

“नाही.”

जिजाबाई म्हणाल्या, “जावईबापू, भेव कोनालेबी वाटते. पन तुमच्या भेवापायी माह्या पोरीच्या पायात दोरी बांधली तुम्ही.” इतकं साधं बोलल्या, की तो हमसून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. माझा एकुलता एक पोरगा आहे, हात फार शिवशिवला. पण मी चूप केलं असतं, तर त्याला वाटलं असतं, झालं, मिटलं.

पुढच्या आठवड्यात तो पुण्याला येणार म्हणतो. “आई, तूही चल,” म्हणाला. मी नाही म्हटलं. तो आला तर दार उघडायचं की नाही, हे तू ठरव. उघडलंस तर त्याला पुरतं बोलू दे, आणि या खेपेला तूही मनातलं बोल. नाही उघडलंस तरी मी तुला ‘काहून’ म्हणून विचारणार नाही. आणि माझ्या नावानं त्यानं पुन्हा काही सांगितलं, तर सरळ मला फोन लाव.

माझी काळजी करू नको. उद्यापासून दुकान उघडते आहे. लग्नसराई आहे, फॉलच्या साड्यांचा ढीग पडला असेल. सकाळी चालायला जाईन. जिजाबाई पुण्याहून परतताना माझ्याकडे चार दिवस राहणार आहेत, तेव्हा त्यांना चांगला झणझणीत सावजी रस्सा खाऊ घालते.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तू गेलीस याचा मला राग नाही. न भेटता गेलीस, ते लागलं. मी अडवलं नसतं, बेटा. तुझा डबा भरला असता, स्टेशनवर आले असते, गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला असता आणि मग घरी येऊन पोटभर रडले असते. लेक कामावर मोठी होऊन निघाली म्हणून रडण्याचा माझा हक्क होता. तो इथे, वाफेच्या पेटीत, हात बांधलेले असताना उरकावा लागला.

तिथे जोमानं काम कर. कोणापुढे मान खाली घालू नको, माझ्यापुढेही नाही.

प्रज्वलची बायको राहिलीस तरी, नाही राहिलीस तरी,

तुझी आई,
जयवंता