दोनशे घरांची उत्तरं

शिरूर,
दि. १९ जुलै १९६४

प्रिय दावीददादा,

सलाम. वहिनींना आणि मुलांना आठवण सांग. इकडे पेरण्या उरकल्या. माझ्या चौथीच्या वर्गात यंदा एकोणीस मुली आहेत. आबांचा खोकला कमी आहे. दावीद पुन्हा कधी येणार, असं रोज विचारतात. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याच्या एका संस्थेसाठी मी दोनशे घरं फिरले. प्रश्न एकच, आपल्या आमदारांच्या कामावर तुम्ही खूश की नाखूश? नाव बाहेर जाणार नाही, असा शब्द मी प्रत्येक दारात दिला होता.

एकीचं मात्र तिला विचारून लिहिते. माळावरच्या वस्तीतली नकुशी, खडी फोडते. नाव विचारलं तर म्हणाली, "नकुशी. आन् जबाब बी तसलाच लिवा, नाखूश. तीन उन्हाळं झालं, वस्तीला हीर मागतोय." लिहिलेलं तिनं मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बाई, मला आजवर कुणी काय इचारलंच न्हवतं. घरात बी न्हाई."

दोनशेत एकशे एकतीस नाखूश निघाले. तो आकडा आमदारसाहेबांच्या दौंडच्या कचेरीत पोचला आणि तिथला कारकून म्हणून तू माझ्याकडे आलास. "नावांची यादी दे, राहेल. साहेबांनी मागितलीय," म्हणालास. मी नाही म्हटलं. तू चहाही न घेता उठलास.

दादा, तू गेल्यावर ती यादी मी चुलीत घातली. तुझा भरवसा नव्हता म्हणून नव्हे, माझाच नव्हता. तू आणखी एकदा मागितली असतीस, तर मी दिली असती. मला वाढवलंयस तू.

मग गेल्या सोमवारी साहेबांची जीप माळावर आली. त्यांनी कुणाचं नाव विचारलं नाही. "पाणी कुठून आणता?" एवढंच म्हणाले. नकुशीनं हंडा उचलला. "चला की, दावते." साहेब तिच्यामागून ओढ्यापर्यंत चालत गेले आणि चालतच परत आले, पाऊण मैल जाऊन-येऊन. घामानं सदरा भिजला होता. विहिरीची जागा त्याच दिवशी आखली. नकुशी आता वस्तीत ताठ मानेनं सांगते, "माझ्या जबाबाची हीर हाय ती."

जीप चालवणारे चांदभाई पाणी प्यायला शाळेत आले होते. त्यांच्याकडून कळलं, की तू रिकाम्या हातानं गेलास तेव्हा साहेब चिडले. तू उभा राहून म्हणालास, "माझी बहीण नावं देणार नाही. आणि मी पुन्हा मागणारही नाही. नोकरीचं काय ते तुम्ही ठरवा." साहेबांनी माळावरच्या वस्तीचा विहिरीचा जुना अर्ज काढायला लावला, मग म्हणाले, "आधी माळावर जाऊन येऊ."

हे तू मला कळवलं नाहीस. आबांना मी सांगितलं. ते काठी घेऊन देवळापर्यंत गेले, आणि वाटेत भेटेल त्याला, "आमचा दावीद..." अशी सुरुवात करून सांगत सुटले.

आता एक राहिलं. दोनशेवं घर आपलंच होतं. त्या कागदावरही मी 'नाखूश'च लिहिलं. साहेबांनी पुन्हा कधी विचारलं, तर हे एक नाव त्यांना खुशाल दे. खाली पुरं नाव लिहिते, म्हणजे घोटाळा नको.

तुझा अभिमान वाटणारी,
राहेल प्रभुदास वाघचौरे