नमुना दुरुस्त केल्यानंतर

हे मृत्युपत्र करण्यास कारण झालेल्या घटना अशा :

१. आमच्या कचेरीने बंदरावरचा दुभाषी समजून एका माणसाला ठार करवले. वर्तमानपत्रात गॅसगळती असे छापून आले.
२. लांबून टिपलेल्या चित्रणात माणूस चालीवरून ओळखणे हे माझे काम. "हा तो नव्हे," असे मी आधीच सांगितले होते. मेला तो दुभाष्याचा भाऊ.
३. हे मी भर बैठकीत पुन्हा बोलून दाखवले.
४. गेल्या आठवड्यात, पुढच्या अशाच कामांसाठी माणूस हेरणाऱ्या यंत्रात भरलेल्या चालींच्या नमुन्यांत एक नमुना माझ्या नावे निघाला.

मी पूर्ण शुद्धीवर आहे; खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तसे लिहून दिले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आमच्याकडे दबाव आणत बसत नाहीत.

घर, म्हणजे दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या धाकट्या बहिणीला. तिने तिथे राहू नये, विकून टाकावे. समोरच्या रिकाम्या फ्लॅटला पडदे लागले आहेत. दिवा मात्र लागत नाही.

मामांना काही नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ते एकदाच आले आणि खोल्यांची लांबीरुंदी विचारून गेले.

सोल्डरिंगचे सामान शेजारच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला. माझा विजेचा दाब मोजायचा मीटर त्याने आधीच ढापला आहे, तो त्याच्याकडेच राहू द्यावा.

कचेरीतली माझी खुर्ची साहेबांना. त्यांची पाठ दुखते. दुभाष्याला नुसते पकडता आले नसते का, असे मी त्यांना विचारले होते.

"पकडला की तो बोलणार, बाई. आणि कोणाबद्दल? इतकी वर्षं त्याला पोसलं कोणी?"

"आणि भाऊ?"

"आता दुभाषी जन्मात तोंड उघडायचा नाही. काम झालंच की!" त्यांनी माझ्या कपात चहा ओतला. ते माझ्याशी कधीही वाईट वागलेले नाहीत.

बूट शिवणाऱ्या काकांकडे एक जोड तयार आहे, तोही बहिणीला. डाव्या टाचेत जाड तुकडा बसवला आहे. "एकच पाय उंच? बहिणीशी भांडलीस वाटतं!" काका हसले. धाकटे, तो रोज घाल. लंगडल्यासारखे वाटेल, वाटू दे.

कारण त्या नमुन्यात स्टेशनचा जिना उतरणारी बाई मी नव्हे. तेव्हा मी कचेरीत होते. माझा कोट घालून तू उतरत होतीस. तू माझे बोट धरून चालायला शिकलीस, म्हणून पाऊल टाकण्याआधी तुझाही खांदा किंचित पुढे येतो. यंत्राला फरक कळला नाही. मला कळला.

नमुना पुसला असता तर त्यांनी तुझाच पुन्हा घेतला असता. म्हणून काल मी तो दुरुस्त केला. साहेबांसमोर कचेरीच्या बोळातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, आणि ते चित्रण जुन्याच्या जागी बसवले.

"आता बरोबर आहे," मी म्हणाले.

साहेबांनी पडद्याकडे पाहिले. "तुझं काम चोख असतं हं," ते म्हणाले.

साक्षीदार :
खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई (सही)
बूट शिवणारे काका (सही)

मृत्युपत्र करणारी : थोरली (सही)
ठिकाण : डॉक्टरीणबाईंचा दवाखाना
दिनांक ९, मंगळवार

धाकटे, हे तुला मी जिवंत असतानाच वाचायला पाठवत आहे. तू शहराबाहेर पोहोचल्याचे शनिवार, दिनांक १३ पर्यंत कळव. निरोप डॉक्टरीणबाईंकडे दे.