दोन्ही पाय सारखे

टिपरेरी,
१२ मे

प्रिय कॉर्मक,

कसा आहेस? मी ठीक. परसातल्या सफरचंदाला यंदा उशिरा बहर आलाय. आईची चहाची किटली शेवटी गळायला लागली, पण टाकवत नाही. सोबत बेदाण्याचा ब्रेड पाठवतेय. ब्रोना खात नसली तरी तिच्या उशाशी ठेव.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळलं. एकोणीस वर्षांची पोर, आता कधीच चालणार नाही. काय लिहू रे?

ती कुणाशी बोलत नाही म्हणतात. का ते तुलाही माहीत आहे. ईस्टरच्या शर्यतीत घोडी ब्रोनासकट उडीच्या कुंपणापाशी कोसळली, मी माझ्या हातानं तिला शेवटचं इंजेक्शन दिलं, आणि तू स्ट्रेचरवरच्या लेकीवर ओरडलास, "लगाम खेचलास तू! तूच मारलंस तिला!" सगळं गाव ऐकत होतं. मीही ऐकत होते आणि गप्प राहिले.

कॉर्मक, ब्रोनानं काही चुकवलं नव्हतं.

मार्चमध्ये घोडी पावलं आखूड टाकते म्हणून तू मला बोलावलंस, आठवतं? तू चहा आणायला गेलास. मी पुढच्या पायांवरचे केस कातरून सोनोग्राफी केली. आमची रीत अशी, की दुखऱ्या पायाशेजारी चांगला पाय ठेवून बघायचं. डाव्या पायात, नळीच्या हाडामागच्या लिगामेंटमध्ये, तंतू फाटले की दिसतो तसा काळा डाग होता. ब्रोना माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती, लहानपणापासून बघते तशी.

"आत्या, हा काळा डाग कसला गं?"

"उजवीकडे बघ, तिथंही तस्साच आहे. जन्माची ठेवण असणार. तुझ्या बापाचे दोन्ही कान सारखेच बाहेर आलेत, त्याला काय आजार म्हणायचं?"

"पण पूर्वी असा नव्हता ना?"

"बत्तीस वर्षं हेच करतेय मी. आता तू मला शिकव, बयो!"

ती हसली. मी तुला म्हटलं, पळव बिनधास्त.

घोडी विकत घेतलीस तेव्हाचे फोटो माझ्याच मशीनमध्ये होते. पाच मिनिटांचं काम. ते मी उघडून पाहिले शर्यतीनंतर. दोन्ही पाय स्वच्छ होते, डागाचं नावही नव्हतं. यंदा दोन्ही पायांतलं लिगामेंट सारखंच फाटत होतं, म्हणून ती एका पायानं लंगडली नाही, आणि म्हणून मी फसले. फसले तरी कशाला म्हणू? पोरीनं विचारलं होतं.

ब्रेडखाली पाकिटात तेव्हाचे आणि यंदाचे फोटो आहेत. तिच्यासमोर धर. तिला समजावून सांगावं लागणार नाही.

त्यानं तिचे पाय परत येणार नाहीत. मी तुमच्याकडे येणार नाही, तूही बोलावू नकोस. फक्त तिला एवढं सांग, की आत्या म्हणाली, तुझं बरोबर होतं.

तिचं न ऐकणारी,
तुझी ताई
फिडेल्मा